मासा लांबतो पण भरत नाही? तळ्यातल्या या चुका टाळा

डोके मोठे, पाठ धारदार, पोट आत गेलेले असा रोहू जाळ्यात आला की पहिला संशय रोगावर जातो आणि औषधाची बाटली आणली जाते. बहुतेक वेळा रोग नसतोच. मासा उपाशी असतो. थंड डोंगरी तलावातल्या ट्राउटचेही हेच होते: मासे जास्त, खाद्य कमी, की सगळेच खुरटतात. ट्राउटला थंड पाणी लागते, त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी भागात तो पाळायचा विचार सोडून द्या. पण त्याची अंगभरणी मोजायची रीत आपल्या कटला-रोहूलाही लागू पडते.

वजन ग्रॅममध्ये घ्या, १०० ने गुणा आणि सेंटिमीटरमधल्या लांबीच्या घनाने भागा. ३० सेंमीचा रोहू ३२४ ग्रॅम भरला तर अंक येतो १.२. तेवढाच लांब मासा २४३ ग्रॅमचा असेल तर ०.९, म्हणजे तो रोडावला आहे. इथे लोक हमखास चुकतात ते कटला आणि मृगळ एकाच मापाने तोलून. कटल्याचे अंग मुळातच रुंद, मृगळाचे सडपातळ. त्यांचे अंक वेगळेच येणार. प्रत्येक जातीचा अंक तिच्याच मागच्या महिन्याच्या अंकाशी ताडून पाहा. लांबी दर वेळी तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंतच घ्या. पावसाळ्याच्या तोंडावर अंड्यांनी भरलेली मादी वजनदार भरते, तिला सुदृढ समजू नका. शिवाय खाद्याच्या जागीच फेकजाळे टाकले तर तिथे जमलेले धटिंगण मासेच हाती येतात. तीन-चार ठिकाणांहून मिळून २०-२५ मासे घ्या.

अंक घसरला तर आधी गर्दी तपासा. १० गुंठे पाणी आणि दीड-दोन मीटर खोली असेल तर ५०० बोटुकली (बोटभर लांबीची पिल्ले) पुरे. 'थोडी मरतीलच' म्हणून दीड-दोन हजार सोडली जातात, मरतात कमी, आणि वर्षअखेर सगळी पाव किलोच्या आसपास अडकतात. अशा वेळी खाद्य वाढवत बसण्यापेक्षा जाळे ओढून मासे विरळ करा.

दुसरी चूक खाद्याची. सोडताना ठरवलेले किलोभर खाद्यच सहा महिने चालू राहते. ५०० मासे सरासरी २०० ग्रॅमचे झाले की तळ्यात १०० किलो मासळी असते. २ टक्क्यांनी रोज २ किलो खाद्य लागते. शेंगपेंड आणि भाताचा कोंडा समभाग घ्या, पेंड रात्रभर भिजवा आणि भोके पाडलेल्या पोत्यातून बांबूला टांगा. संध्याकाळी पोत्यात उरले तर दुसऱ्या दिवशी कमी करा. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात मासा कमी खातो. उरलेली पेंड तळाशी कुजते.

चुन्याचे मात्र शेजाऱ्याचे बघून करू नका. खानापूरकडची तांबडी, जांभा दगडाची माती आम्लधर्मी, तिथे १० गुंठ्यांना २०-२५ किलो चुना उपयोगी पडतो. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या जमिनीत पाणी मुळातच अल्कधर्मी असू शकते, तिथे सामू (पीएच) मोजल्याशिवाय चुना टाकणे म्हणजे पैसा आणि मासा दोन्ही घालवणे. चुना आणि युरिया एकाच दिवशी तर कधीच नको, अमोनिया वाढतो.

प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात तळाला चिखल नसतो, म्हणून तळचे खाणारा मृगळ तिथे नीट वाढत नाही. तो कमी सोडा.

पाण्यातले नैसर्गिक खाद्य पाहायला हात कोपरापर्यंत बुडवा. तळवा कोपराजवळ पाणी आले की दिसेनासा झाला तर ठीक. स्पष्ट दिसत राहिला तर शेणखत हवे. मनगट बुडताच दिसेनासा झाला तर खत ताबडतोब थांबवा. ढगाळ रात्रीनंतर पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर पाण्यात प्राणवायू कमी पडला आहे, त्या दिवशी खाद्यही देऊ नका. पंप लावून तळ्याचेच पाणी उंचावरून पाडा.