साम्याचा टक्का कमी आला, तरी गाईड प्रबंध परत का देतात?

प्रबंधातला मजकूर आधीच्या लेखनाशी किती जुळतो हे सॉफ्टवेअर तपासते आणि जुळणाऱ्या ओळी रंगवून साम्य-अहवाल देते. पीएच.डी.चे विद्यार्थी त्यात आधी टक्का बघतात. गाईड बघतात ते रंगवलेल्या ओळी कोणत्या प्रकरणात आहेत ते. दुरुस्तीही तिथूनच सुरू करा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. १० ते ४० टक्के साम्य असेल तर जास्तीत जास्त ६ महिन्यांत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० असेल तर वर्षभर तो देताच येत नाही आणि ६० च्या वर नोंदणी रद्द. मात्र गोषवारा, गृहीतके, निरीक्षणे, निष्कर्ष, शिफारशी यांत साम्य चालतच नाही. सूट फक्त सर्वज्ञात किंवा योगायोगाने जुळलेल्या सलग १४ शब्दांपर्यंत. म्हणजे एकूण ७ टक्के आणि त्यातला निम्मा निष्कर्षात, हा वाईट अहवाल.

संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि श्रेय दिलेली अवतरणे मोजायची नसतात. ती वगळली आहेत ना, हे ग्रंथालयात विचारून घ्या. नाहीतर टक्का उगाच फुगतो. मराठी प्रबंध युनिकोडमध्येच हवा. जुन्या कृतीदेव किंवा श्रीलिपी फाँटमधला मजकूर सॉफ्टवेअरला निरर्थक अक्षरे वाटतो, त्यामुळे येणारा शून्य टक्का बघून कोणी खूश होऊ नये.

सर्वात जास्त घोळ होतो तो ‘स्वतःच्या शब्दांत’ लिहिताना. मूळ वाक्य समजा असे आहे: ‘दुष्काळी कामांवर स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय होते.’ त्याचे ‘अवर्षणातील कामांवर महिलांची संख्या मोठी होती’ केले, तर सॉफ्टवेअर कदाचित फसेल, गाईड फसत नाहीत. वाक्याचा सांगाडा तोच आहे आणि श्रेयही दिलेले नाही. पुस्तक मिटा, मुद्दा आठवून लिहा, लगेच लेखक, वर्ष आणि पान टाका, मग मूळाशी ताडून बघा. लेखकाचेच शब्द हवे असतील तर सरळ अवतरणचिन्हात घ्या. त्यात कमीपणा नाही.

इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करून आपला म्हणून देणे हेही वाङ्मयचौर्यच. अहवालात ते बहुधा सुटते. पण आधीची दहा पाने साध्या मराठीत आणि मध्येच ‘ज्याच्याद्वारे’, ‘च्या संदर्भात’ अशी लांबलचक वाक्ये आली की वाचणाऱ्याला कळते. मग तोंडी परीक्षेत नेमका त्याच परिच्छेदावर प्रश्न येतो.

स्वतःचा छापलेला शोधनिबंध प्रकरणात घेतला असेल, तर कोणता आणि कुठे छापला ते त्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच लिहा आणि गाईडना अहवाल काढण्याआधी सांगा.