न संपणारं फीड आणि कीबोर्ड

आमच्या बातम्यांच्या पानावर कीबोर्डने फूटरपर्यंत (पानाच्या तळाच्या पट्टीपर्यंत) पोचणं अशक्य होतं. टॅब दाबत शेवटच्या कार्डापर्यंत (बातमीच्या चौकटीपर्यंत) जावं, तर खाली नवी कार्डं येऊन पडायची. त्यात शीर्षक, लेखक, शेअर, सेव्ह: एका बातमीला चार टॅब!

सगळ्या बातम्यांबाहेरच्या डिव्हला (एचटीएमएलमधल्या डब्याला) 'फीड' रोल (हा भाग काय आहे ते सांगणारी खूण) दिला, प्रत्येक बातमी 'आर्टिकल' केली, तिला टॅबइंडेक्स 0, म्हणजे कीबोर्डने तिच्यावर जाता येतं. पेज डाउनने पुढची बातमी, पेज अपने मागची, कंट्रोल-एंडने थेट फीडच्या पलीकडे. ही अक्कल माझी नाही, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या एरिया (ARIA, अपंगांना पान वापरता यावं म्हणून कोडमध्ये द्यायच्या खुणा) मार्गदर्शिकेतला आराखडाच आहे. एकूण बातम्या माहीत नसतील तर ती संख्या सांगणारं एरिया-सेटसाइझ उणे 1. नव्या बातम्या भरताना एरिया-बिझी ('काम चालू आहे' ही खूण) ट्रू करा, पण झाल्यावर आठवणीने फॉल्स. नाहीतर काही स्क्रीन रीडरना (पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरना) त्या दिसतच नाहीत.

खरी डोकेदुखी वेगळीच निघाली. मेमरी वाचवायला वरची कार्डं डॉममधून (ब्राउझरने धरून ठेवलेल्या पानाच्या रचनेतून) काढली जात होती. फोकस (कीबोर्ड सध्या जिथे आहे ती जागा) त्यातल्याच एखाद्यावर असला की तो हरवायचा, आणि वाचणारा पुन्हा पानाच्या सुरुवातीला. आता फोकस असलेलं कार्ड आणि त्याच्या आजूबाजूची कार्डं काढत नाही. चिकटून राहणाऱ्या हेडरखाली कार्ड झाकलं जायचं, तिथे स्क्रोल-मार्जिन-टॉप (स्क्रोल होताना वर जागा सोडणारा सीएसएस गुणधर्म) पुरलं. कमेंट लिहायच्या चौकटीत मात्र पेज डाउनला हात लावलेला नाही, तिथे ती कळ नेहमीसारखीच चालते.