किडनीच्या आजारात चालायला लागलात? या चुका टाळा

"मॅडम, महिनाभर चाललो, क्रिएटिनिन तसंच!" पेशंटने फाईल उघडली की हल्ली पुढचं वाक्य मीच म्हणते. पहिली चूक हीच. अहो, क्रिएटिनिन म्हणजे किडनी किती गाळते ते सांगणारा रक्तातला आकडा. चालणं तो उतरवायला सांगितलेलंच नाही, ते रक्तवाहिन्यांसाठी आहे. क्रॉनिक किडनी डिसीजच्या बऱ्याच पेशंटना डायलिसिसची वेळ येण्याआधीच हृदयविकार गाठतो. किडनी अधू झाली की रक्तात नको ती द्रव्यं साचतात आणि रक्तवाहिनी सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं. फॉस्फरस वाढला की भिंतीत कॅल्शियम बसतं, वाहिनी ताठ होते. चालताना रक्त जोरात वाहतं, आतल्या अस्तरावर घासतं, आणि त्या घासण्यानेच अस्तर जास्त नायट्रिक ऑक्साइड सोडतं. बसलेलं कॅल्शियम चालून निघत नाही, हेही ऐकून ठेवा. पण दम टिकतो, बीपीला थोडी मदत होते. दादरचा पूल न थांबता चढता आला, तर माझ्या लेखी तो चांगला रिपोर्ट.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते ती घाईची. स्टेज 3 चे, म्हणजे आजाराच्या पाचपैकी तिसऱ्या टप्प्यातले एक काका. त्यांना शिवाजी पार्कला सावकाश, दहा मिनिटांपासून सुरुवात करायला सांगितलं होतं. पण पुतण्याने जानेवारीतल्या मॅरेथॉनचं डोक्यात भरवलं आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात काका मरीन ड्राइव्हवर धावायला लागले. गुडघा धरला. केमिस्टकडून पेनकिलर आणल्या आणि आठवडाभर घेतल्या. घाम भरपूर, पाणी बेताचं, त्यात बीपीची आणि लघवी जास्त होण्याची गोळी चालूच. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी किडनीकडे जाणारं रक्त कमी होतं. हे सगळं एकत्र आलं की किडनी बसते. 1.9 चं क्रिएटिनिन 3.1 वर गेलं. डॉक्टरांनी पेनकिलर बंद केल्या, काही आठवड्यांत आकडा बराचसा उतरला. काकांनी मात्र सोसायटीभर सांगितलं, "चालण्याने किडनी जाते." त्यांच्या विंगमधल्या दोघांनी चालणं सोडलं! गोळीचं नाव कोणी घेतलं नाही.

आठवड्याला 150 मिनिटं हे ध्येय आहे, पहिल्या सोमवारचा कोटा नव्हे. मी दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवते आणि चालताना गप्पा मारायला लावते. बोलता येतंय पण गाणं म्हणवत नाही, तो वेग बरोबर. घड्याळातल्या नाडीवर जाऊ नका. बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद ठेवणारी बीपी-हृदयाची गोळी चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही आणि माणूस उगाच वेग वाढवत बसतो.

चालून झाल्यावर कट्ट्याजवळ शहाळं? रक्तात पोटॅशियम वाढलेलं असेल तर नको. एका शहाळ्यात सहज 500 मिलिग्रॅम असतं. घामासाठी म्हणून इलेक्ट्रॉलची पाकिटंही मनाने फोडू नका. पाणी डॉक्टरांनी ठरवून दिलं तेवढंच.

रक्त-लघवीच्या तपासणीच्या आदल्या दिवशी दमछाक करणारा व्यायाम करू नका. क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तात्पुरतं वाढतं, मग रात्रभर झोप नाही.

बीपी 180/110 च्या वर असेल त्या दिवशी मी कुणालाच चालू देत नाही. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबा. "एवढी फेरी पूर्ण करतो" हा हट्ट घरी ठेवून या.

डायलिसिसवाल्यांनी डायलिसिस संपल्यासंपल्या फिरायला जाऊ नये, तेव्हा बीपी पडतं. डायलिसिस चालू असताना खाटेवर पायाने सायकल मारायची सोय असेल तर पहिल्या दोन तासांत मारावी. फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या) हाताने रबरी बॉल दाबा, जरूर दाबा. पण त्याच हातावर बीपीचा पट्टा बांधू देऊ नका आणि भाजीची पिशवीही लटकवू नका, मग ती नुसत्या मेथीची का असेना.