बाहुलीला रडवू नका: मोठ्यांसाठी स्टॉप मोशन करताना या चुका टाळा

म्हातारा पैलवान शेवटचं तालीम झाडतो, लंगोटाची घडी घालतो, दार ओढून घेतो. गोष्ट एवढीच. कोल्हापुरातल्या एका जुन्या घराच्या माडीवर मी ती स्टॉप मोशनमध्ये, म्हणजे बाहुली जराशी हलवून एकेक फोटो काढत आणि ते फोटो सलग दाखवत, सांगायला घेतली आणि पहिला प्रयत्न वाया गेला. मी पैलवानाला रडवलं होतं.

मोठ्यांच्या गोष्टीला हीच चूक सगळ्यात जास्त मारते. मातीच्या गालावरचा अश्रू खोटा वाटतो. चेहरा जवळजवळ कोरा ठेवा, दुःख हातांवर सोपवा. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ चित्रं, आणि प्रत्येक पोझ दोन फ्रेम ठेवली, तर सेकंदाला १२ पोझ लागतात. घडी घालता घालता पैलवान दोन सेकंद थबकतो, त्याच्याही २४ पोझ होतात. तिथे कंटाळून एकच फोटो लांबवू नका; बाहुली थबकलेली नाही, निर्जीव दिसते. दोन-तीन पोझनंतर छाती किंचित वर, अंगठा केसभर पुढे. श्वास दिसला की बघणाराही थांबून राहतो.

चित्र लुकलुकतंय? आधी कॅमेऱ्याचं ऑटो बंद करा: एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स. खिडकीला काळा कपडा लावा, कारण पावसाळ्यात आपल्याकडे ऊन-ढग क्षणाक्षणाला बदलतात. बल्बचा प्रकाश मिचमिचत असेल तर शटर अर्ध्या सेकंदापर्यंत उघडं ठेवा. आणि गडद कपडे घाला. पांढऱ्या सदऱ्यावरून परतलेला उजेड सेटवर पडतो, हे कळायला माझे दोन दिवस गेले.

माडीची लाकडी तक्तपोशी पावलागणिक हलते. शक्यतो खालच्या फरशीवर काम करा, टेबलाच्या पायांशी वाळूच्या पिशव्या ठेवा.

कुंभार गल्लीतल्या मूर्तिकारांकडून डोळ्यांची आखणी जरूर शिका, पण बाहुलीला शाडू वापरू नका. वाळला की सांध्याला तडकतो. ॲल्युमिनियमच्या तारेवर प्लॅस्टिसिन, म्हणजे न वाळणारी तेलकट माती, चढवा. तारही वाकवून वाकवून गुडघ्यात तुटते, म्हणून ती दुपदरी पिळून घ्या.

महागड्या कॅमेऱ्यासाठी काम अडवू नका. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी याच गावात स्वतःचा कॅमेरा घडवला होता. आपल्या खिशात मोबाइल आहे.

मधेच बाहुली पडली तर आधीची फ्रेम पडद्यावर अर्धपारदर्शक ठेवून तिला पुन्हा जागेवर बसवा. नाहीच जुळली तर शॉट तिथेच तोडा आणि कोन बदला. माझा पैलवान दाराशी पडला. म्हणून शेवटच्या शॉटमध्ये तो नाही, नुसती कडी हलते.