सत्तरच्या दशकातल्या हेवीवेट लढती नीट कशा पाहाव्यात

अली, फ्रेझियर, फोरमन, नॉर्टन, होम्स ही हेवीवेट (सर्वांत जड वजनगटातल्या) मुष्टियोद्ध्यांची नावं निघाली की प्रत्येक जुन्या चाहत्याकडे एक ठाम आठवण असते. कुणाला १९७१ ची फ्रेझियरविरुद्धची लढत अलीने जिंकायला हवी होती असं वाटतं, कुणाला किन्शासात (१९७४ ची अली–फोरमन लढत) अली आठ फेऱ्या नुसता मार खात होता असं आठवतं. या आठवणी खोट्या नसतात, पण त्या बऱ्याचदा दोन मिनिटांच्या तुकड्यांवर, वर्तमानपत्रातल्या फोटोंवर आणि समालोचकाच्या आवाजावर उभ्या असतात. तो काळ खरोखर किती मोठा होता हे समजायचं असेल, तर लढत घंटेपासून घंटेपर्यंत पाहायची आणि गुण स्वतः द्यायचे.

सुरुवात आठवणीपासूनच करा. लढत लावण्यापूर्वी जमलेल्या प्रत्येकाने तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात: कोण जिंकलं, कितव्या फेरीत लढतीचा रंग बदलला, आणि डोळ्यांसमोर राहिलेला एक ठोसा. त्या वेळी लढत कुठून कळली होती, तेही लिहावं. १९७१ ची अली–फ्रेझियर लढत अमेरिकेत घरच्या टीव्हीवर थेट दिसली नव्हती; लोकांनी ती तिकीट काढून थिएटरांच्या पडद्यावर पाहिली. हजारोंच्या गोंगाटात पाहणाऱ्याची आठवण आणि दुसऱ्या दिवशी बातमी वाचणाऱ्याची आठवण यांत फरक पडणारच. कागद घडी घालून बाजूला ठेवा आणि लढत संपल्यावरच उघडा. आधी फिल्म पाहिली की आठवण फिल्मसारखी होऊन बसते, मग तुलनेला काही उरत नाही.

प्रत तपासणं

इथे घाई करू नका, बहुतेक गैरसमज खराब प्रतीतून येतात. पहिली तपासणी घड्याळाने. फेरी तीन मिनिटांची, म्हणजे घंटेपासून घंटेपर्यंत १८० सेकंद भरायला हवेत. १७३ सेकंदांच्या आसपास भरले तर सेकंदाला २४ चौकटींची फिल्म २५ ने चालवून टेपवर उतरवलेली आहे. अशा प्रतीत सगळे चार टक्के वेगवान दिसतात आणि आवाजही किंचित पातळ होतो. प्लेअरचा वेग ०.९६ वर आणला की काम झालं. यापेक्षा जास्त सेकंद कमी असतील तर फेरी कापलेली आहे, तिच्यावर गुण देऊ नका. एक अपवाद लक्षात असू द्या: २८ जानेवारी १९७४ च्या दुसऱ्या अली–फ्रेझियर लढतीत रेफरी टोनी पेरेझ यांना दुसऱ्या फेरीत घंटा झाल्यासारखं वाटलं आणि त्यांनी मधेच दोघांना वेगळं केलं. तिथला खंड प्रतीतला दोष नाही.

दुसरी तपासणी पायांची. वर घेतलेले पाचही जण उजव्या हाताचे. उभे राहताना डावा पाय आणि डावा हात पुढे. फ्रेझियर त्याचा डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) उजव्या हाताने मारताना दिसला तर चित्र आरशासारखं उलटं आहे. चड्डीच्या पट्ट्यावरची किंवा रिंगभोवतीची अक्षरं पाहिली की खात्री पटते. तिसरी गोष्ट चौकट. जुनं चित्रण ४:३ चं आहे. ते रुंद पडद्यावर ताणलं की माणसं बुटकी आणि जाड दिसतात. वर-खाली कापून भरलं की पाय जातात. पाय न दिसणारी प्रत मी तरी टाकून देईन. अली कधी दमला हे पायांवरून हातांच्या आधी कळतं.

कार्ड भरणं

कागदावर फेरीचा क्रमांक, दोन रकाने आणि कारणासाठी मोकळी जागा. पद्धत साधी: फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९, एकदा खाली पडला तर बहुधा ८. आधी स्वच्छ लागलेले ठोसे पाहायचे, मग परिणाम करणारी चढाई, मग रिंगवरचा ताबा आणि बचाव. घंटा झाल्यावर पहिल्या वीस सेकंदांत आकडा पेनाने लिहा आणि पुढे खोडू नका. नवव्या फेरीत बसून तिसरी फेरी बदलणारा माणूस आवडत्या खेळाडूला जिंकवत असतो.

आवाज पूर्ण बंद ठेवा. अलीच्या लढतींत हे फारच महत्त्वाचं, कारण त्याने हात नुसता हलवला तरी प्रेक्षक ओरडतात आणि समालोचक त्यांच्यामागे जातो. दंडावर, कोपरावर, ग्लोव्हवर अडलेला ठोसा मोजू नका. शंका आली तर ठोसा खाणाऱ्याचं डोकं पाहा: ते हललं का, कोणत्या दिशेला? फेऱ्यांमधला विश्रांतीचा मिनिट प्रतीत कापलेला असेल तर स्वतः थांबून मिनिट भरा. पंधरा फेऱ्यांची लढत विश्रांतीसह ५९ मिनिटांची होते. ती सलग पस्तीस मिनिटांत पाहिली तर चौदाव्या फेरीतला थकवा कळत नाही.

त्या काळचे अधिकृत निकाल वाचताना गुणपद्धत कोणती हे पाहा, नाहीतर तुमचं कार्ड आणि त्यांचं कार्ड जुळवताना गोंधळ होतो. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा फक्त फेऱ्या मोजत आणि रेफरीही गुण देई. मनिलात (१९७५ ची तिसरी अली–फ्रेझियर लढत) पाच गुणांची पद्धत होती, म्हणजे फेरी जिंकणाऱ्याला १० ऐवजी ५, म्हणून चौदा फेऱ्यांनंतरही आकडे साठ-सत्तरच्या घरात दिसतात.

कोणत्या क्रमाने

सगळे किन्शासापासून सुरू करतात आणि तिथेच चूक होते. पहिली लढत ८ मार्च १९७१ ची, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. दोघेही अपराजित: अली ३१ लढती, फ्रेझियर २६. निकाल एकमताने फ्रेझियरचा, पण अंतर पाहा: रेफरी आर्थर मर्कँटे ८-६ आणि एक फेरी बरोबरीची, जज आर्टी आयडाला ९-६, बिल रेक्ट ११-४. एकच लढत, तीन माणसं आणि इतका फरक. तुमच्या गटातही असाच फरक पडेल. तेव्हा भांडण अकराव्या फेरीवर नको, तिथे फ्रेझियरच्या डाव्या हुकने अलीचे पाय गेले हे स्पष्ट आहे. अलीने जिंकलेल्या पण जवळच्या फेऱ्यांवर वाद घाला.

पंधरावी फेरी दोनदा पाहा, दुसऱ्यांदा पाव वेगाने. अली अपरकटसाठी (खालून वर मारलेला ठोसा) उजवा हात खाली नेतो आणि त्याच क्षणी त्याचा उजवा जबडा उघडा पडतो. फ्रेझियर डावा पाय रोवतो, खांदा मागे नेतो आणि हुक त्या मोकळ्या जागेतून जातो. अली पाठीवर पडतो आणि लगेच उठतो, मला तरी हे पडण्याइतकंच विलक्षण वाटतं. फेऱ्यांच्या मोजणीत ही फक्त एक फेरी. आजच्या पद्धतीत १०-८.

मग २२ जानेवारी १९७३, किंग्स्टन, जमैका. फोरमनने फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं. इथे कार्ड नको, फोरमनचे हात पाहा. फ्रेझियर झुलत आत येतो तेव्हा फोरमन दोन्ही हातांनी त्याचे खांदे ढकलतो, हवं तेवढं अंतर तयार करतो आणि खालून उजवा अपरकट आणतो. वाकून येणाऱ्याला सगळ्यात जास्त नडणारा ठोसा तोच. यानंतर ३१ मार्च १९७३, सॅन डिएगो: नॉर्टनने बारा फेऱ्यांत अलीला हरवलं, जबडाही मोडला. अली जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) टाकतो त्याच वेळी नॉर्टनही जॅब टाकतो, एवढं एक पाहिलं तरी पुरे. त्याच्यामागे डोकं प्रशिक्षक एडी फच यांचं, आणि हेच गृहस्थ पुढे मनिलात फ्रेझियरच्या कोपऱ्यात दिसतील.

आता किन्शासा, ३० ऑक्टोबर १९७४. फोरमनच्या ४० लढती, ४० विजय. किंग्स्टन पाहून आलेल्याला इथली भीती आपोआप कळते, म्हणूनच हा क्रम. अली रिंगच्या दोरांना टेकून लढला ही प्रसिद्ध गोष्ट, पण पहिल्या फेरीत दोरांचा पत्ताही नाही: अली आधी जॅब न टाकता थेट उजवा हात मारतो, आणि तो लागतो. दुसऱ्या फेरीपासून तो दोरांवर जातो. तेव्हा तीन खुणा शोधा. सैल दोरांमुळे त्याला किती मागे झुकता येतं. डावा हात फोरमनच्या मानेवर ठेवून तो डोकं कसं खाली दाबतो. आणि फेरीच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात तो किती स्वच्छ ठोसे मारतो. या तिन्ही खुणांवर नजर ठेवून कार्ड भरलं की ‘आठ फेऱ्या मार खाल्ला’ ही आठवण टिकत नाही. लढत थांबली तेव्हा तिन्ही अधिकृत कार्डांवर अली पुढे होता.

मानेवरच्या त्या हातासाठीच १९७४ ची दुसरी अली–फ्रेझियर लढतही पाहा. प्रत्येक मिठी (ठोसे थांबवायला प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवणं) रेघ ओढून मोजा. मग १ ऑक्टोबर १९७५, मनिला. रेफरी कार्लोस पाडिया तो हात सोडवायला लावतात आणि लढत वेगळीच होते: सुरुवात अलीची, मधला भाग फ्रेझियरचा, बारावी ते चौदावी पुन्हा अलीची. चौदाव्या फेरीनंतर फच यांनी लढत थांबवली. हा विश्रांतीचा मिनिट कापलेली प्रत घेऊ नका. तिन्ही कार्डांवर अली पुढे होता, फ्रेझियरचे डोळे जवळजवळ मिटले होते, तेव्हा तो निर्णय मला पूर्ण बरोबर वाटतो.

फोरमन–लाइल, २४ जानेवारी १९७६, मधे घ्यायला हरकत नाही. कौशल्य कमी, पण चौथ्या फेरीत फोरमन दोनदा आणि लाइल एकदा पडतो, आणि पाचवीत फोरमन जिंकतो. गुण देऊन पाहा, आकडा लिहिताना हात अडखळतो.

शेवटी होम्स–नॉर्टन, ९ जून १९७८, लास वेगास. पंधरा फेऱ्या, निकाल विभागून होम्सला (दोन जज होम्सकडे, एक नॉर्टनकडे), आणि तिन्ही जजांकडे अंतर फक्त एका गुणाचं: १४३-१४२. होम्सचा जॅब त्या पिढीतला सर्वांत चांगला होता असं माझं मत आहे. आधीच्या फेऱ्यांत तो मोजा. चौदा फेऱ्यांनंतर कार्ड झाकून ठेवा, बेरीज करू नका. पंधरावी पूर्ण पाहा, आकडा लिहा, आणि मगच सगळ्यांनी आपापली बेरीज मोठ्याने वाचा. त्यानंतर आठवणींचे कागद उघडा.