सीबीडी तेलातलं लिमोनीन ओळखावं कसं, टिकवावं कसं

कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईतून ताजं लिंबू आणा आणि साल बोटांत दाबा. उडणाऱ्या तुषारांचा वास मुख्यतः लिमोनीनचा. सीबीडी म्हणजे भांगेतला नशा न आणणारा घटक. विजयाच्या, म्हणजे भांगेच्या, पानांपासूनचं, वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळणारं सीबीडी तेल याच वासाशी ताडून पाहा.

तेलाच्या तपासणी अहवालात टर्पीनची (लिमोनीनसारख्या वास देणाऱ्या घटकांची) वेगळी नोंद हवी. ‘आयसोलेट’ लिहिलं असेल तर ते निव्वळ सीबीडी, त्यात लिमोनीनची अपेक्षा ठेवू नका.

खरा घोळ साठवणुकीत होतो. लिमोनीन उडून जातं, शिवाय हवेशी संयोग होऊन त्याचे पेरॉक्साइड बनतात. त्यांनीच त्वचेला खाज आणि पुरळ येतं. म्हणून मोठी बाटली घेऊ नका, अर्धी रिकामी झाली की आत हवाच जास्त. १० मिलीची गडद काचेची बाटली घ्या, उभी ठेवा, म्हणजे ड्रॉपरचं रबर तेलात भिजून फुगणार नाही. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. टर्पेंटाइनसारखा वास आला की फेकून द्या. घरी सालीचा अर्क मिसळू नका, जिभेखाली झोंबतो.

सीबीडी आणि लिमोनीन मिळून जास्त गुण येतो, हा दावा अजून कच्चा आहे. २०२४ च्या जॉन्स हॉपकिन्सच्या चाचणीत लिमोनीनने चिंता कमी झाली ती टीएचसीमुळे (भांगेतल्या नशा आणणाऱ्या घटकामुळे) येणारी. सीबीडीचा तिथे संबंध नव्हता. रक्त पातळ करणारी किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचाराच, कारण सीबीडी त्यांचं रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं.