दक्षिण फ्रान्समध्ये वाहनांपासून दूर सायकलने कसे फिरावे

दक्षिण फ्रान्समधील सायकल सहलीचा विचार करताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर शर्यतींतले उंच घाट येतात, नाही तर भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यालगतचे गजबजलेले रस्ते. सायकलवर सामान बांधून, रोज पन्नास-साठ किलोमीटर, गाड्यांचा आवाज न ऐकता जायचे असेल, तर या दोहोंपासून दूर राहावे लागते. तशी शांतता तेथे तीन ठिकाणी मिळते : कालव्याच्या काठावर, बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर आणि लहान लहान गावांना जोडणाऱ्या अरुंद जिल्हा रस्त्यांवर. पहिल्या दोन वाटा कोणत्याही नकाशावर सापडतात. तिसरी मात्र स्वतः शोधावी लागते, आणि माझ्या मते सहल चांगली होणे बरेचसे त्या शोधावरच अवलंबून असते.

आधी दोन फ्रेंच शब्दांमधला फरक नीट समजून घ्यावा. ‘व्वा व्हेर्त’ म्हणजे हिरवी वाट. तिच्यावर मोटारवाहनांना बंदी असते आणि ती सायकलस्वार, पादचारी, काही ठिकाणी घोडेस्वार यांच्यासाठीच राखलेली असते. ‘व्हेलोरूत’ म्हणजे खुणा लावलेला लांब पल्ल्याचा सायकल मार्ग. त्यात हिरव्या वाटा असतात, तसेच वाहने चालणारे रस्तेही असतात. मार्गाला नाव आणि क्रमांक आहे म्हणजे तो संपूर्णपणे वाहनमुक्त आहे, असे गृहीत धरून निघालेल्यांची वाटेत निराशा होते.

पहिल्याच सहलीसाठी मी कनाल द्यु मिदी हा कालवा सुचवेन. प्येर-पोल रिके यांनी 1666 मध्ये सुरू केलेले हे काम त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, 1681 मध्ये पूर्ण झाले. तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या ‘तो’ नावाच्या खाडीपर्यंत त्याची लांबी 240 किलोमीटर आहे आणि 1996 पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. पूर्वी काठाने चालणारे घोडे नावा ओढत असत. त्यांच्या वाटेनेच आज सायकली जातात. तुलूझचे मुख्य रेल्वेस्थानक कालव्याच्या अगदी समोर असल्यामुळे गाडीतून उतरल्यावर काही मिनिटांत आपण वाटेला लागतो. पहिले सुमारे पन्नास किलोमीटर, म्हणजे पोर-लोरागेपर्यंत, वाट डांबरी आणि सपाट आहे. तेथून थोडे पुढे नोरूझची जलविभाजक रेषा लागते. मोंतान्य न्वार डोंगरातून पाटांनी आणलेले पाणी येथे कालव्यात पडते आणि एका बाजूने अटलांटिककडे, दुसऱ्या बाजूने भूमध्य समुद्राकडे उतरू लागते. ज्या युक्तीवर हा सारा कालवा उभा आहे ती येथेच समजते, म्हणून या ठिकाणी तासभर थांबावे.

नोरूझनंतर ओद जिल्ह्यात वाटेचे रूप बदलते. बऱ्याच ठिकाणी ती मातीची किंवा खडीची आहे, काही भागांत फक्त एका चाकोरीएवढी अरुंद आहे, आणि झाडांची मुळे वर आल्यामुळे सामान लादलेली सायकल सतत हादरत राहते. ही झाडे आपल्याला ठाऊक असलेल्या चिनारच्या कुळातली आहेत. कालव्याच्या काठी ती सुमारे 42,000 होती. 2006 पासून एका बुरशीजन्य रोगामुळे त्यांतली हजारो तोडावी लागली. त्यामुळे जुन्या छायाचित्रांत दिसणारी सलग सावली आता सगळीकडे मिळणार नाही, हे लक्षात घेऊन टोपी आणि पाणी हाताशी ठेवावे. टायर किमान 38 ते 40 मिलिमीटर रुंदीचे घ्यावेत आणि पावसानंतर येथील चिखलात हट्ट करू नये. ल सोमाय या गावाच्या आधी मिनेर्व्हवा भागात, ओम्प्सच्या आसपास, द्राक्षमळ्यांतून जाणारे लहान रस्ते कालव्यापासून फार दूर नसतात. वाट खराब झाली की त्यांवर वळावे आणि पुढच्या गावी पुन्हा कालव्याला येऊन मिळावे.

अंतरे सोयीची आहेत. तुलूझपासून कालव्याने मोजले तर कास्तेलनोदारी 65 किलोमीटरवर, कार्कासोन 105 वर, ल सोमाय 166 वर आणि बेझिये 208 वर आहे. पाच दिवस पुरतात, पण कार्कासोनच्या तटबंदीसाठी एक दिवस वाढवलेला बरा. आर्जांस ते बेझिये या 54 किलोमीटरच्या टप्प्यात एकही जलद्वार, म्हणजे नावांना वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे फाटकांचे कुंड, नाही; कालवा डोंगरउताराच्या कडेकडेने वळसे घेत जातो. मला संपूर्ण मार्गातला हाच भाग सर्वांत शांत वाटतो. या टप्प्याच्या अखेरीस माल्पासचा छोटा बोगदा येतो आणि त्यानंतर बेझियेच्या तोंडाशी फोन्सेरानची जलद्वारांची पायऱ्यांसारखी रांग. शेवटच्या दिवशी आग्द आणि मार्सेयाँ यांमार्गे समुद्र आणि खाडी यांमधल्या वाळूच्या पट्ट्यावरून सायकल पट्टीने सेत या बंदराच्या गावी पोहोचता येते.

प्रवास पश्चिमेकडून पूर्वेकडे करावा, असे मी आग्रहाने सांगेन. या भागात वायव्येकडून जोरदार वारा वाहतो. ओद जिल्ह्यात त्याला ‘सेर्स’ म्हणतात, आणखी दक्षिणेला ‘त्रामोंतान’. तो पाठीशी असला तर दिवस हलका जातो, समोरून आला तर सपाट वाटेवरही घाट चढल्यासारखे श्रम पडतात. रोन नदीच्या खोऱ्यातील मिस्त्राल उत्तरेकडून येतो, म्हणून तेथील मार्ग उत्तरेकडून दक्षिणेकडे धरावा.

रेल्वेमार्गांवरच्या वाटांचा मोठा गुण म्हणजे त्यांचा चढ. आगगाडीला तीव्र चढ चढता येत नाही, त्यामुळे डोंगराळ प्रदेशातही या वाटा जवळजवळ जाणवणार नाहीत इतक्या हळूहळू वर जातात. मझामे ते बेदारिये ही सुमारे 80 किलोमीटरची ‘पासा पाई’ वाट ओ-लांगदोक या संरक्षित निसर्ग उद्यानातून, बोगदे आणि पूल ओलांडत जाते. पृष्ठभाग बहुतेक ठिकाणी दाबलेल्या खडीचा आहे. बोगद्यांसाठी पुढचा दिवा आवश्यक समजावा. वाटेतले ओलार्ग हे जुने दगडी गाव, नदीवरील कमानदार पूल आणि चेस्टनटची झाडे यांसाठी वाट थोडी सोडून आत जावे. तुलूझहून मझामेपर्यंत प्रादेशिक रेल्वे आहे आणि बेदारियेहून बेझियेला गाडी मिळते. मात्र त्या गाड्या दिवसाला मोजक्याच असल्याने वेळापत्रक आधी पाहावे. प्रोव्हांसमध्ये लुबेरों डोंगराच्या उत्तरेला काव्हायों आणि आप्त यांच्या परिसरात कालाव्हों नदीची वाट आहे. तिच्या काठी पों ज्युलियाँ हा दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन पूल आहे. त्यावरून 2005 पर्यंत मोटारी जात होत्या, आता केवळ पादचारी आणि सायकली जातात.

आता तिसरी वाट. कागदी नकाशावर जिल्हा रस्त्यांना ‘D’ अक्षर असते. मिशलँ कंपनीच्या नकाशात लाल रंगाचे रस्ते पूर्णपणे टाळावेत, पिवळे फक्त जोडणीसाठी वापरावेत आणि पांढरे निवडावेत. ज्या पांढऱ्या रस्त्याला समांतर एखादा मोठा रस्ता आहे तो सर्वांत चांगला, कारण घाईची सर्व वाहने त्या मोठ्या रस्त्याने जातात. उलट, दोन गावांमधला एकमेव रस्ता पांढरा असला तरी सकाळी आठच्या सुमारास आणि संध्याकाळी तो गजबजतो. दुपारी बारा ते दोन हा फ्रेंच गावांचा जेवणाचा वेळ. तेव्हा एरवी वर्दळीचे रस्तेही रिकामे होतात. वर्दळीचा एखादा तुकडा अटळ असेल तर तो याच वेळात उरकावा. दुकाने मात्र तेव्हा बंद असतात, रविवारी दुपारनंतर आणि अनेक गावांत सोमवारीही, म्हणून पाव, चीज आणि फळे सकाळीच घेऊन ठेवावीत. शाकाहारी मंडळींनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण कास्तेलनोदारीचा प्रसिद्ध ‘कासुले’ हा पांढऱ्या घेवड्याचा पदार्थ असला तरी त्यात मांस असते.

एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत आणि सप्टेंबरमध्ये जावे. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असते आणि वणव्याच्या भीतीने काही जंगली भाग बंद ठेवले जातात. गावाबाहेर रात्री किंवा कमी उजेडात परावर्तक जाकीट घालणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि सायकल चालवताना कानात इअरफोन घालण्यास बंदी आहे. उजवीकडून चालायचे हे आपण पहिल्या दिवशी लक्षात ठेवतो. तिसऱ्या दिवशी सुनसान वाटेवरून रस्त्यावर येताना विसरण्याचा धोका जास्त असतो. खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य असते. पाणी संपले तर गावाच्या दफनभूमीत बहुधा नळ असतो. त्यावर ‘नों पोताब्ल’ असे लिहिले असेल तर ते पाणी पिऊ नये.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी टप्पे लवकर ठरवावेत, कारण शेंगेन व्हिसासाठी मुक्कामांचा पुरावा आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. मुक्काम शोधताना ‘आक्यई व्हेलो’ ही खूण पाहावी; अशा ठिकाणी सायकल सुरक्षित ठेवण्याची आणि किरकोळ दुरुस्तीची सोय असते. परतीसाठी सेतहून तुलूझकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीत सायकलची जागा आधी आरक्षित करावी लागते, आणि उन्हाळ्यात ती लवकर भरते. जागा मिळाली नाही, तर नार्बोनला गाडी बदलून प्रादेशिक गाड्यांनी यावे. वेळ अधिक लागतो.